ओला कोबा

शांताराम राऊताच्या घरात नव्या वस्तूला मान फार आणि वापर शून्य. तारापूरच्या कारखान्यातून निवृत्त होताना मिळालेलं घड्याळ डबीतच बंद पडलं. मुलीने आणलेला मऊ रग पिशवीत सुखात होता आणि नवरा-बायको थंडीत जुन्याच गोधडीत कुडकुडत होते. टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक पिवळं पडलं, पण निघालं नाही. "कोणासाठी राखून ठेवताय वो सगळं?" बायको सुलू विचारायची. "राहू दे, खराब होईल," हे त्याचं ठरलेलं उत्तर. केळवे-माहीमच्या त्या आळीत पोरंसोरं त्याला मागून 'राहू दे काका' म्हणायची, आणि ते सुलूला ठाऊक होतं.

घराच्या मागच्या दारी चिकूखाली सिमेंटचा कोबा होता, शांतारामच्या वडिलांनी घातलेला. सुलू लग्न होऊन आली तेव्हापासून तिची दुपार त्या कोब्यावरच गेली. पानवेलीची पानं तिने तिथे बसून निवडली, टोपल्या भरल्या, लेकीला, जागृतीला, तेल चोळून न्हाऊ घातलं. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांची शेवटची अंघोळही तिथेच झाली. राऊतांचं माणूस मागच्या दारी न्हाऊन पुढच्या दाराने निघतं, अशी त्या घराची रीत. पुढे खाऱ्या वाऱ्याने आणि पाण्याने कोबा खाल्ला. सिमेंटचा भुगा झाला, खडी वर आली, अनवाणी पाऊल ठेवणं मुश्किल झालं.

यंदा सुलूचं हृदय थकलं. पालघरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि शेवटी हळूच सांगितलं, "घरी न्या. त्यांना आवडेल ते करा." बोईसरला दिलेली जागृती आईजवळ राहायला आली. सुलूने एकच मागितलं.

"मला मागं चिकूखाली बसवा. खाटेवरनं नुसतं आढं दिसतं."

दोघांनी तिला खुर्चीत बसवून बाहेर नेलं. खुर्चीचा पाय कोब्यातल्या खड्ड्यात गेला, खुर्ची कलली, सुलूचं कोपर सोलवटलं. ती हसली, पण शांतारामच्या काळजाचं पाणी झालं. "थांब," तो म्हणाला, "असा कोबा करतो तुझ्यासाठी, की माहीममध्ये कोणाकडं नसंल."

आणि एकदा मनावर घेतलं की तो माणूस ऐकणारा नव्हे. दिवाळीनंतर जव्हारकडून बोईसरला कामावर येणारा महादू गवंडी त्याने गाठला. महादूने जुन्या कोब्याला छिन्नीने टाचे मारले, सगळा भुगा झाडला, धुऊन काढला. त्यावर सिमेंटची रबडी ओतली आणि बारीक खडीचा नवा थर टाकला. सुलू खाटेवरून हुकूम सोडत होती, "उतार चिकूकडं ठेवा रे, पाणी झाडाला जाऊ दे!" शांतारामने तिच्यासाठी हातांची नवी खुर्ची आणली, कडेला मोगऱ्याच्या कुंड्या मांडल्या. त्या दिवसांत तो शीळ घालत फिरायचा. डॉक्टरांचं बोलणं तो विसरला नव्हता, पण कोबा चांगला झाला तर सुलूही टिकेल, असं त्याने मनात कुठेतरी धरूनच ठेवलं होतं.

संध्याकाळी कोबा घोटून झाला. शहाळ्याच्या मलईसारखा गुळगुळीत.

"काका, उद्याची रात गेली की खुशाल बसा-उठा, काय होत नाय," महादू हात धूत म्हणाला. "फक्त आठवडाभर पाणी मारत राहा. सुकू देऊ नका."

शांतारामने त्यातलं 'आठवडाभर' एवढंच ऐकलं. त्याने कोब्यावर ओली गोणपाटं अंथरली, भोवती बोरीच्या काट्या लावल्या. कोंबडीला वाट ठेवली नाही, मग माणसाची काय कथा.

"आज बसू?" सुलूने तिसऱ्या दिवशी विचारलं.

"राहू दे. ओला हाय."

"बाबा, महादू बोलला ना, चालतं म्हणून," जागृती म्हणाली.

"त्याचं काय जातंय? तो काम करून गेला. कोबा आपल्याला वापरायचाय."

सकाळ-संध्याकाळ तो बादल्या ओतायचा. सुलू उघड्या दारातून बघत राहायची. "कोब्याला एवढं पाणी पाजताय," एकदा ती म्हणाली, "मला तिथं घोटभर चहा पाजा की." शांताराम हसला, पण बधला नाही.

गुरुवारी संध्याकाळी छान वारा सुटला होता. सुलूने त्याचा हात धरला. "घडीभरच न्या. पाय टेकत नाय मी खाली. उचलून धरते."

"वेडी काय तू? रविवारी बसवतो. नवी साडी नेस, चहा पण तिथंच घेऊ."

"बरं. रविवारी."

तिने पुन्हा हट्ट केला नाही. जन्मात तिने त्याच्याकडे कशाचाच हट्ट केला नव्हता.

शुक्रवारी सकाळी कोब्याला पाणी मारून शांताराम रिकामी बादली घेऊन आत आला, तेव्हा सुलू गेली होती. तोंड मागच्या दाराकडे होतं. त्याने दोनदा हाक मारली. मग बादली खाली ठेवायचीही त्याला आठवण राहिली नाही.

आळी जमली. पाणी तापलं. बायकांत वडीलधाऱ्या रत्नाबाई मागच्या दारात आल्या आणि काट्या बघून थबकल्या. जागृती डोळे पुसत म्हणाली, "मावशी, कोबा ओला हाय. आईला पुढच्या ओट्यावर न्हाऊ घालूया."

सगळ्यांनी शांतारामकडे पाहिलं. तो उठला. नुसत्या हातांनी त्याने बोरीच्या काट्या उपटून फेकल्या, गोणपाटं ओढून काढली. हातांतून रक्त आलं. आतून नवी खुर्ची आणली. तिच्या पायांना दुकानातलं प्लास्टिक अजून गुंडाळलेलं होतं. ते त्याने ओरबाडून काढलं आणि खुर्ची चिकूकडे तोंड करून कोब्याच्या मधोमध ठेवली.

"पाटावर झोपवतात रे बाबा," रत्नाबाई हळूच म्हणाल्या.

"झोपवू नका तिला. बसवा," शांताराम म्हणाला. "तिला बसायचं होतं."

बायकांनी सुलूला खुर्चीत बसवलं, दोघींनी खांदे धरले. शांताराम दाराआड उभा राहिला. पाणी पडल्याचा आवाज येत होता, आणि ते उताराने चिकूकडे वाहत होतं, तिने सांगितलं होतं तसं.

तिला नवी साडी नेसवून पुढच्या दारी नेलं. शांताराम मात्र मागेच राहिला. त्याने खुर्ची उचलून बाजूला ठेवली, गुडघ्यांवर बसला आणि खुर्चीचे पाय होते तिथून तळहात फिरवला. पुन्हा फिरवला. खळगा नाही, तडा नाही, साधा ओरखडासुद्धा नाही.

"बाबा, चला," जागृती बोलवायला आली. "आईला उचलतायत."

त्याने तिच्याकडे वर पाहिलं. चेहरा लहान पोरासारखा झाला होता.

"जागू," तो म्हणाला, "काय पण झालं नाय गं कोब्याला."