हात हलवणारा टायरवाला

ब्रिस्बेनच्या एका टायर कंपनीच्या गोदामात डेरिक पेनगेलीची कैक वर्षं खुर्चीत बसून गेली होती, आणि साहेबाच्या मागे त्याचा एकच धोशा होता: मला फिरतीवर पाठवा. शेवटी आउटबॅकचा, म्हणजे आतल्या ओसाड मुलखाचा, भाग सांभाळणारे म्हातारे बर्नी निवृत्त झाले आणि साहेबाचा नाइलाज झाला.

"जा बाबा एकदाचा," साहेब म्हणाला. "पण क्लॉनकरीच्या थेल्मा क्रॅडॉकची ऑर्डर घेऊन ये. गुरं वाहणारे ट्रक आहेत तिचे, आणि झाडून सगळ्यांना टायर दुसऱ्या कंपनीचे. हात हलवत आलास तर गोदामातली खुर्ची पुसून ठेवलीच आहे."

बर्नींनी जाता जाता सल्ला दिला. "समोरून येणाऱ्या प्रत्येकाला हात करायचा, पोरा. न करणाऱ्याला तिकडे कुणी दारात उभं करत नाही."

सल्ला लाखमोलाचा, पण अर्धाच. त्या रस्त्यांवर स्टिअरिंगवरून एक बोट उचललं की नमस्कार पोचतो. बर्नींच्या ते इतकं अंगवळणी पडलेलं, की सांगायचं सुचलंच नाही.

सकाळी डेरिकने वाटेवरचं विंटन गाव सोडलं. समोरून पहिला ट्रक दिसताच गड्याने खिडकीची काच खाली केली आणि खांद्यापासून अख्खा हात बाहेर काढून वाळत घातलेल्या चादरीसारखा फडकवला. आता त्या ओसाड मुलखात असा हात कोण हलवतं? ज्याचा जीव टांगणीला लागलाय तो. ट्रकवाल्याने करकचून ब्रेक दाबले. तीन ट्रेलरांचं ते धूड किंचाळत, घासत, धुरळा उडवत थांबलं आणि त्यातून नॉबी नावाचा ढेरपोट्या ड्रायव्हर पाण्याचा कॅन घेऊन धावत आला.

"काय झालं? साप चावला? छातीत दुखतंय?"

"छे छे! गुड मॉर्निंग म्हटलं."

नॉबीने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "गुड मॉर्निंग," तो म्हणाला, आणि कॅन घेऊन परत गेला.

किती प्रेमळ माणसं ही, डेरिकला वाटलं, नमस्कारासाठी ट्रक थांबवतात! त्याला भरूनच आलं. मग काय, पुढच्या मॅकिनली गावापर्यंत त्याने एकालाही सोडलं नाही.

मॅकिनलीत एका ट्रकमालकाची भेट ठरलेली होती. डेरिक आवारात शिरला तेव्हा तो मालक खिमा भरलेली पेस्ट्री खात बसला होता. डेरिकची पांढरी गाडी बघून त्याला ठसकाच लागला.

"तूच का रे तो हात हलवणारा? अरे, सकाळपासून ट्रकवाल्यांच्या रेडिओवर तुझ्याशिवाय विषय नाही! पांढऱ्या गाडीतलं येडं हात हलवेल, थांबू नका, असं एकमेकांना बजावतायत." मग त्याने टेबलावर मूठ ठेवून एक बोट उचललं. "एवढंच करायचं असतं, बाळा."

डेरिकच्या गाडीत रेडिओ नव्हता, म्हणून अख्ख्या मुलखात तो एकटाच या बातमीपासून वंचित होता. त्याचे कान तापले. टायरची गोष्ट काढायची हिंमतच झाली नाही. पुढच्या वाटेवर तो एक बोट उचलत मुकाट्याने चालला, आणि समोरचे ड्रायव्हर मात्र दात काढून हसत होते.

क्लॉनकरी जवळ आलं तेव्हा त्याला पुढे नॉबीचा ट्रक दिसला. डेरिक मॅकिनलीत असताना तो गुरं खच्चून भरून परतीला लागला होता, आणि शेवटच्या ट्रेलरच्या चाकातून काळा धूर निघत होता. टायर पेटायच्या बेतात होता. वाऱ्याने धूर मागे जात होता, त्यामुळे नॉबीला पत्ताच नाही.

डेरिकने गाडी दामटली, ट्रकच्या बरीच पुढे नेली, रस्त्याकडेला उभा राहिला आणि दोन्ही हात हलवून ओरडला. नॉबीने खिदळत भोंगा वाजवला, स्वतःही अख्खा हात बाहेर काढून हलवला, आणि निघून गेला. ट्रेलरच्या वरच्या मजल्यावरून एक गाय डेरिककडे बघत गेली.

त्याने पुन्हा ट्रकला मागे टाकलं. या खेपेला त्याच्याने हात उचलवेना. आता ती मुकी जनावरं जळणार, या विचाराने डोकं धरून तो मातीत मटकन बसला.

ट्रक थांबला.

"काय झालं रे?" नॉबी खाली उडी मारत ओरडला. "तू हात हलवला नाहीस, म्हटलं काहीतरी वाईट घडलं!"

डेरिकने नुसतं मागे बोट दाखवलं. दोघांनी धावत जाऊन आग विझवायचं नळकांडं आणि होतं नव्हतं ते पाणी चाकावर रिकामं केलं. गुरं वाचली. नॉबीने रेडिओवर हाक दिली तशी क्लॉनकरीच्या आवारातून त्या ट्रकची मालकीण थेल्मा क्रॅडॉक स्वतः टायर घेऊन आली. साठीची, काटक, आवाज असा की गुरंही गप्प झाली.

"कुचकामी माल!" तिने टायरच्या चिंध्यांना लाथ मारली. "या कंपनीला हाकललंच पाहिजे आता. तू टायरवाला ना, रेडिओवर ऐकलं. बोल, माल वाईटच आहे की नाही?"

डेरिकला फक्त मान डोलवायची होती. ऑर्डर आयती ताटात वाढून आली होती. पण जळलेल्याच्या शेजारचा टायर त्याच्या डोळ्यांसमोर होता, एकाच जागी घासून सपाट झालेला. तो कशाने झाला हे त्याला कळून चुकलं होतं. गोदामातली खुर्ची आठवली आणि रडू यायचंच बाकी राहिलं.

"माल चांगला आहे, थेल्माबाई," तो म्हणाला. "सकाळी मी हात हलवला, यांनी ब्रेक मारले. ट्रेलर रिकामे, चाकं जाम होऊन फरफटली. हा बघा, कसा सपाट झालाय. जळलेलाही असाच झाला असणार; मग त्यावर गुरांचं वजन पडलं, तो फुटणार नाही तर काय! चूक माझी आहे, टायरची नाही."

नॉबी आभाळात काहीतरी शोधू लागला. थेल्माने वाकून टायरवरून हात फिरवला आणि डेरिकला आपादमस्तक न्याहाळलं.

"आजवर जो टायरवाला आला, त्याने दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवली," ती म्हणाली. "दुसऱ्याचा माल चांगला, गाढव मीच, असं सांगणारा तू पहिला. अर्धे ट्रक तुझे. आणि दर खेपेला तूच यायचंस. तुझ्या साहेबाने दुसरा कुणी पाठवला, तर फाटकातूनच परत धाडीन."

डेरिकला नाचावंसं वाटलं. पण माणसाचा लोभ कुठे सुटतो!

"अर्धेच का, थेल्माबाई?"

"बाकीच्यांचे टायर चांगले आहेत ना," थेल्मा म्हणाली. "आत्ताच एका टायरवाल्याने छातीठोक सांगितलं."