कोपरा तुटलेली थायरॉइड

तुमच्यापैकी कुणीतरी माझ्या कपाळावर खोटं नाव चिकटवलंय. कुणी, ते मला ठाऊक आहे. नाव घेणार नाही, कारण त्या माणसाशी माझा रोज संबंध येतो. पण बावीस वर्षं दुसऱ्याच्या नावानं जगून बघा, म्हणजे कळेल.

मी एक काचेची स्लाइड बोलतेय. परळच्या एका कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावरच्या लाकडी पेटीत माझा मुक्काम असतो. माझ्या पोटात एका शेळीच्या कासेचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ तुकडा आहे. मेणात बसवून कापलेला आणि गुलाबी-जांभळ्या रंगात बुडवलेला. शेळी तेव्हा करडांना पाजत होती. तिचं दूध अजून माझ्या गोल गोल कप्प्यांत थिजून बसलंय.

आणि लेबलवर काय, तर ‘थायरॉइड’! कासेतून उचललं आणि थेट गळ्यात बसवलं. आता थायरॉइडमध्येही असेच गोल कप्पे असतात, हे मान्य. घाईत माणूस फसतो. पण घाई एका दुपारची होती आणि भोगलं मी बावीस वर्षं.

पुढे एकदा गणपतीच्या सुट्टीनंतर कपाट पुसताना दगडूमामांच्या हातून मी पडले आणि माझा एक कोपरा उडाला. दगडूमामा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई. मनानं अजून मालवणात, हातानं परळमध्ये. ते बिचारे हळहळले, पण विद्यार्थ्यांनी पेढे वाटायचे बाकी ठेवले. कारण आता आत बघायची गरजच उरली नाही. कोपरा तुटलेली दिसली की ‘थायरॉइड’ लिहायचं, दोन गुण खिशात. हे ज्ञान सीनियरकडून ज्युनियरकडे वाहत आलं. शेजारच्या यकृताला नेलपॉलिशचा ठिपका आहे, मूत्रपिंडाला शाईचा डाग. पेशीविज्ञान शिकायला येतात आणि काचेवरचे डाग पाठ करून पदवी नेतात! मला हसू येतं, आणि रागही.

गेल्या वर्षी कादंबरी नावाची मुलगी आली. राहायची काळाचौकीला. मंडळाच्या देखाव्याचे पडदे रंगवून हिची नजर तयार झालेली. माझ्यावर डोळा टेकवला की दहा-दहा मिनिटं उचलायची नाही. मला तर लाजल्यासारखं व्हायचं. पण याच सवयीपायी तेव्हा प्रॅक्टिकलमध्ये तिचे अर्धे स्पॉट, म्हणजे दोन-दोन मिनिटांत ओळखायचे नमुने, सुटले आणि ती दोन गुणांनी अडकली. या वेळीही अडकली असती तर अभ्यासक्रम सोडावा लागणार होता.

“डोळे कशाला फोडतेस?” शेजारच्या टेबलावरून फणसवाडीचा स्वप्नील म्हणाला. “कोपरा बघ ना. थायरॉइड.”

“अरे, पण इथे नळी आहे.”

“कसली नळी?”

“ही काय, तुटलेल्या बाजूला. थायरॉइडला नळी नसते रे, ती आपला रस सरळ रक्तात सोडते. ही स्तनग्रंथी आहे. दुधाची.”

“ए बाई, मागच्या वेळी किती कमी पडले?”

“दोन.”

“आणि हा स्पॉट कितीचा?”

कादंबरीनं मला पेटीत ठेवलं. आणि तरातरा आमची प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या गुरुदत्त सरांकडे गेली. सरांनी वहीतून मान वर केली नाही.

“लेबलवर काय लिहिलंय?”

“थायरॉइड. पण सर...”

“मग?”

संपलं! मी पेटीत पडल्या पडल्या दात-ओठ खाल्ले. म्हणजे असते तर खाल्ले असते.

परीक्षेच्या दिवशी माझं लेबल कागदानं झाकलं आणि मला सूक्ष्मदर्शकाखाली बसवलं. स्लाइडला हात लावायचा नाही, दोन मिनिटांनी बेल. माझा मधला भाग समोर धरला होता, तिथे नळी दिसत नव्हती. स्वप्नीलनं भिंगात न बघताच उत्तर लिहिलं. मागून कादंबरी आली. माझ्या कोपऱ्याकडे बघितलं, आत बघितलं. ‘थायरॉइड’ लिहिलं. झालं, हीसुद्धा! बेलवर दगडूमामांचा हात गेला, आणि तिनं ते फराटा ओढून खोडलं. खाली लिहिलं: ‘दूध येत असलेली स्तनग्रंथी. डाव्या कोपऱ्याजवळ नळी आहे, कृपया बघा.’

दुपारी गुरुदत्त सरांनी तिथे लाल फुली मारली. बाहेरून आलेल्या परीक्षक यशोदा मॅडमनी कागद ओढून घेतला. “सर, ही ‘बघा’ म्हणतेय. बघायचं का?”

“मॅडम, वर्षानुवर्षांची स्लाइड आहे ती.”

“म्हणून तर.”

तोंडी परीक्षेसाठी कादंबरी समोरच उभी होती. तिच्या हातातला रुमाल पिळून पिळून दोरी झाला होता. “सर, फक्त थोडी डावीकडे सरकवा,” ती म्हणाली.

सरांनी चष्मा काढला आणि वाकले. बावीस वर्षांनी तो डोळा पुन्हा माझ्यावर आला. मी सरकले. कप्पे गेले, नळी आली. मी अंग ताठ करून, होता नव्हता तेवढा गुलाबी रंग दाखवला.

सर बराच वेळ उठले नाहीत. मग त्यांनी माझ्या लेबलवरचा कागद सोलला. ‘थायरॉइड’च्या शेवटच्या अक्षराला लांब शेपटी आहे. सरांनी स्वतः लिहिलेल्या आदर्श उत्तरांच्या यादीतही तशीच शेपटी होती. सर एकदा इकडे बघत होते, एकदा तिकडे. मी शब्दाला जागले, नाव घेतलं नाही.

त्यांनी लाल फुली खोडून शेजारी दोन लिहिलं. कादंबरी पास झाली. बाहेर जाताना तिनं माझ्या तुटक्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं, आणि ते कापून घेतलं. वेडी!

आता माझी एवढीच विनंती आहे: उद्या माझ्यासमोर बसाल तेव्हा कोपरा बघू नका. आत या. आत बरंच काही आहे.

“मामा, नवीन लेबल आणा,” कादंबरी गेल्यावर सर हळूच म्हणाले.

दगडूमामांनी लेबल आणलं, सरांच्या पुढ्यात ठेवलं, आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, “सर, मग आजपर्यंत थायरॉइड लिवन पास झालेल्या पोरांक परत बोलवूक होया काय?”