खोकला शून्य

लिफ्टदुरुस्तीच्या कामातून निवृत्त झाल्यावर बाबांनी एकच व्यसन लावून घेतलं, कोपऱ्यावरच्या कॅफेतल्या बबल टीचं. दर रविवारी लेकीला घेऊन जायचे, जाड स्ट्रॉमधून तळाचे साबुदाण्याचे काळे मोती सटासट ओढायचे आणि म्हणायचे, "चहासुद्धा चावून प्यायचा! म्हाताऱ्याच्या दातांवर डोळा आहे यांचा."

मग अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात थोडाफार परत आला, गिळणं मात्र बिघडलं ते बिघडलंच. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, पंधरा दिवस घट्ट केलेलंच पेय द्या, तेही चमच्याने; पातळ श्वासनलिकेत शिरतं. मग गिळताना एक्स-रेखाली बघू. नाही जमलं तर पोटातून नळी घालावी लागेल.

"कायमची?" लेकीने विचारलं.

"पोटाला भोक पाडून घ्यायला मी काय पाण्याची टाकी आहे?" बाबा म्हणाले. जीभ जड झाली होती, पण खवचटपणा शाबूत होता. "नळी नको. काय वाट्टेल ते कर."

लेक पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिने रजा टाकली आणि कंबर कसली. रोज दुपारी बाबांना चाकाच्या खुर्चीतून कॅफेत न्यायची, मोत्यांशिवाय चहा मागायची, त्यात घट्ट करायची पावडर ढवळायची. मग सिरिंजचं तोंड बोटाने दाबून दहा मिलिलिटर भरायची, बोट काढायची आणि दहा सेकंद मोजायची. आत आठच्या वर उरलं की चहा पुरेसा घट्ट, पास.

"अगं बाई, चहा तपासतेस की रक्त?" कॅफेवाली मावशी म्हणायची.

"तुम्ही मोती शिजले का ते चावून बघता ना? तसंच."

किती चमचे गेले, किती वेळा खोकला आला, सगळं वहीत. पहिल्या दिवशी नऊ वेळा. मग सहा, चार, एक. सहाव्या दिवशी शून्य, सातव्या दिवशीही शून्य. तिने दोन्ही शून्यांखाली रेघ ओढली. आठव्या दिवसापासून ती थोडी थोडी पावडर कमी करत गेली. तरीही शून्य. बाबा मिटक्या मारत होते. मावशी म्हणाली, "आता मोती घालायला मी मोकळी बरं का, दादा!"

पंधराव्या दिवशी बाबांनी दवाखान्यात एक्स-रेच्या पडद्यापुढे बसून औषध कालवलेला चमचाभर चहा गिळला. काळी धार घशातून उतरली, फाटा फुटला आणि निम्मी श्वासनलिकेत गेली. बाबा मजेत समोर बघत होते.

"खोकला नाही आला," लेक म्हणाली.

"तेच तर," डॉक्टरीणबाई तिला बाजूला घेत म्हणाल्या. "आत चाललंय हे घशाला कळतच नाही आता. हा चहा पातळ आहे. पावडर कधी कमी केलीत?"

"आठवडा झाला."

बाईंनी छातीचा एक्स-रे काढायला सांगितला. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी ढग होता, न्यूमोनियाचा. बाईंनी औषधं लिहून दिली, नळीसाठी सोमवारची तारीख घातली आणि बजावलं, "तोंडाने थेंबही नाही."

परतताना कॅफे आला तसे बाबा म्हणाले, "थांब." ती थांबली. मावशीने लगबगीने खुर्ची बाजूला सारून जागा केली, दोघांची तोंडं पाहिली आणि आत गेली.

"सांग ना," बाबा म्हणाले. "शून्य होतं ना आपलं?"

तिने सांगितलं. घशाचं, ढगाचं, पावडरीचं. पावडरीचं दोनदा सांगितलं.

"म्हणजे मी पीत होतो तो चहा..."

"हो, बाबा."

"आणि मला वाटलं, काय झकास चाललंय." ते हसले. हसताना लाळ ओघळली. तिने पुसायला हात पुढे केला, तर त्यांनी मान फिरवली.

ते काउंटरकडे बघू लागले. मावशी पातेल्यातले मोती ढवळत होती.

"नाही घातली नळी तर?"

"ढग वाढेल."

"किती दिवसांत?"

आकडा तिला साधारण माहीत होता.

"तू रजा वाढवशील, डोळ्यांत तेल घालून बसशील," बाबा म्हणाले. "तुला ओळखत नाही का मी? नळी नको म्हणालो, तर मरेपर्यंत तू ती पावडर मोजत बसशील." दम लागला म्हणून ते थांबले. "सोमवारी किती वाजता?"

"नऊ."

"बरं."

मावशीने आतून विचारलं, "दादांना काय देऊ गं?"

लेकीने नकारार्थी मान हलवली, खुर्चीचा ब्रेक सोडला आणि खुर्ची दाराकडे वळवली.