निंबावरचा टोला

मित्रांनो, मी एक जुना रुळाचा तुकडा आहे. माझ्या भावंडांवरून आगगाड्या धावल्या. मी मापापेक्षा जास्त निघालो, म्हणून कापला गेलो आणि नांदुऱ्याहून बैलगाडीत पडून जळगाव जामोदला आलो. वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांताबरोबर चालत असे, तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या एका जिनिंग कारखान्याच्या आवारात मला निंबावर टांगलं. दिवसातून चारदा मुकादम पंजाबराव मला हातोड्याने बडवी. माणसांना भूक लागल्याचं लोखंडाने का सांगावं, हे कोडं मला पहिल्याच दिवशी पडलं.

उत्तर समोरच्या भिंतीवर होतं. सरकारी नोटीस. सलग सहा तासांहून जास्त काम घ्यायचं नाही, मध्ये तासभर सुट्टी द्यायची. नोटिशीची काच रोज पुसली जाई. वाचता येणारा मात्र एकटा मोतीराम, यंत्रांना तेल घालणारा.

दुपारी माझा टोला पडे, पण जिनांवरच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांवरच्या, बाया उठत नसत. मला वाटलं, माझाच आवाज कमी पडतो. नीट पाहिलं तेव्हा उमगलं. जात्यात दाणे ठेवून उठायचं नाही, ही घरची रीत. आणि जीन म्हणजे त्यांच्या लेखी मोठं जातंच. पंजाबरावही रीतीभातीचा माणूस. टोल्याआधी तो प्रत्येकीपुढे कापसाची भरली टोपली ओतून जाई. ती संपेस्तोवर सुट्टी संपे.

त्या बायांतल्या गोजरबाईचं लेकरू तीन महिन्यांचं. सासू त्याला दुपारी पाजायला निंबाखाली घेऊन येई. ते रडून रडून झोपे, आई धावत येई, आणि तेवढ्यात मी पुन्हा वाजे. लेकरू दिवसेंदिवस वाळत चाललं होतं.

एकदा मोतीरामने तिला विचारलं, "वयनी, टोला पडला ना? काऊन बसून राह्यल्या?"

"कापूस हाय ना भाऊ अजून."

"नोटिशीत कापसाचं नावच नाही. तास लिवला हाय फक्त."

दुसऱ्या दिवशी टोला पडताच गोजरबाई उठली. पुढ्यात अर्धा ढीग तसाच. शेजारची तानुबाई हबकली. "अवं, दाने ठेवून उठून राह्यली? सासूचं आयुष्य कमी होते, म्हन्तेत!"

"माही सासू निंबाखाली बसेल हाय. तिलेच इचारून ये."

पंजाबराव धावत आला. "गोजरे, उद्यापासून येऊ नको!"

गोजरबाईचा चेहरा उतरला. पण तिने लेकराला पदराखाली घेतलं. "उद्याचं उद्या पाहू. आजचा तास माहा हाय."

सासू शांतपणे म्हणाली, "पंजाबराव, माह्या आयुष्याची काळजी करू नका. कापसाची एवढीच दया येते, त तुम्हीच बसा ना जिनावर."

तानुबाई हसली आणि उठलीच. मग एकेक करत साऱ्या उठल्या. भाकरीची फडकी सुटली. आत यंत्रं रिकामीच खडखडत राहिली. पंजाबरावने दहा मिनिटांत मला बडवायला घेतलं. मी जीव तोडून वाजलो. मोतीराम नोटिशीखाली उभा राहून तासभर सुट्टीची तेवढीच ओळ मोठ्याने वाचत होता. कोणी हललं नाही. कामावर बोलावणारा माझा टोला जन्मात पहिल्यांदा कोणी ऐकला नाही, आणि मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी गोजरबाई कामावर आली. ऐन हंगामात चाळीस बाया एकदम कुठून आणणार? पंजाबराव तिच्याकडे न बघता पुढे गेला. दुपारी त्याने टोपली ओतली नाही. लेकराचं पोट भरलं.

आता मी गंजलोय. मला तेल लावा, असं मी म्हणणार नाही. मित्रांनो, सुट्टीचा टोला कुठे ऐकलात, तर माणसं जागची उठली का, तेवढं वळून बघत जा. नुसतं वाजणं मलाही जमत होतं.