संत गेनेकच्या दाराची किल्ली

मित्रांनो, मी एक जुनी किल्ली आहे. माझी लांबी वीतभर, रंग काळपट आणि वजन असे की कोटाच्या खिशात टाकले तर खिसा फाटतो. मला ज्या लोहाराने घडवले, तो आयुष्यभर घोड्यांना नाल ठोकत असे. किल्ली करण्याची त्याची पहिलीच वेळ होती. म्हणून माझे दात जरा मोठे झाले. पण संत गेनेकच्या चॅपेलचे, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराचे, ओकचे दार आजवर माझ्याशिवाय कोणाला उघडता आलेले नाही, याचा मला अभिमान आहे.

आमचे ब्रेतान्य म्हणजे फ्रान्सच्या पश्चिम टोकाचा ग्रॅनाइटचा मुलूख. केरलान वाडीजवळचे हे चॅपेलही ग्रॅनाइटचेच. आत मात्र सगळी गंमत लाकडाची. छताखालच्या तुळईवर एक कोल्हा पाद्र्याचा झगा घालून कोंबड्यांना प्रवचन देतो आहे, आणि कोंबड्या डोळे मिटून ऐकत आहेत! हा कोल्हा पाहायला लांबून माणसे येतात. मग ती केरलानमधल्या पहिल्या घराचे दार ठोठावतात. नाइगबाई ॲप्रनला हात पुसत बाहेर येते आणि चुलीजवळच्या खिळ्यावरून मला काढते. "बाप रे, केवढी किल्ली!" असे कोणी म्हटले की मला फार बरे वाटते.

रस्त्यापलीकडे केरगोज वाडी आहे. तिथे गुल्वेन राहतो. तो पूर्वी छपरे शाकारायचा. त्याचे आजोबा सांगत, की ही किल्ली मूळची केरगोजची. केरलानच्या बायकांनी काळ्या गव्हाची घिरडी खाऊ घालून पाद्रीबुवांना फितवले. त्यामुळे गुल्वेनने शपथच घेतली होती, की किल्ली माझ्या घरी येईपर्यंत चॅपेलमध्ये पाऊल टाकणार नाही. संताच्या जत्रेला तो सनईसारखी आपली बोंबार्ड वाजवत मिरवणुकीच्या पुढे चाले, आणि उंबरठ्याशी येऊन थांबे. लोक आत जात. हा बाहेर चेस्टनटच्या झाडाखाली एकटाच वाजवत बसे.

मग एका शरद ऋतूत मोठे वादळ झाले. छपरावरची पाटीच्या दगडाची कौले उडाली आणि पाणी थेट तुळयांवर गळू लागले. नगरपालिकेने दारावर 'प्रवेश बंद'ची पाटी लावली. हिवाळाभर मला कोणी हात लावला नाही. माझ्या दातांवर गंज चढला. दार ठोठावल्याचा आवाज आला की मी उगीच आशेने ऐकायची. पण तो पोस्टमन असायचा.

एके दिवशी नगराध्यक्ष रोझेनबाई नाइगकडे आल्या. त्या म्हणाल्या, "उन्हाळ्याआधी छप्पर झालं नाही, तर कोल्ह्याला उतरवून शहरातल्या संग्रहालयात पाठवावं लागेल. कौलांचा कारागीरच मिळत नाही, नाइग. मी तरी काय करू?"

"कारागीर आहे," नाइग म्हणाली. "पण तो माझं तोंड बघत नाही."

त्या गेल्यावर नाइग बराच वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली. तिच्या सासूने मला तिच्या हाती सोपवले होते. शेवटी तिने मला ॲप्रनमध्ये गुंडाळले आणि रस्ता ओलांडला.

"काय गं, वाट चुकलीस?" गुल्वेनने दारातूनच विचारले.

"नाही. ही घे. टांग तुझ्या खिळ्याला."

गुल्वेन गडबडला. "म्हणजे... माझे आजोबा म्हणायचे ते खरंच होतं?"

"तुझे आजोबा थापा मारण्यात पटाईत होते. पण किल्ली घे आणि छप्पर बघ. कोल्हाच गेला, तर मी हे लोखंड कशाला सांभाळू?"

गुल्वेनने मला तळहातावर तोलले. दुसऱ्याच दिवशी त्याने शिडी काढली.

मित्रांनो, तो वसंत मी विसरणार नाही! दोन्ही वाड्यांची माणसे रांग करून कौले वर पोहोचवत होती. खालून नाइग ओरडे, "तिरकं बसवतोयस!" वरून उत्तर येई, "मग तू चढ!" काम संपले तेव्हा गुल्वेनने माझा गंज खरवडला, मला तेल लावले आणि स्वतःच्या हाताने दार उघडले. टोपी काढून तो कोल्ह्याकडे बघत राहिला.

"हा तर थेट माझ्या आजोबांसारखा दिसतो," तो म्हणाला.

"मला तर पहिल्यापासून माहीत आहे," नाइग म्हणाली. दोघेही हसले, आणि गुल्वेनने हळूच डोळे पुसले.

कोल्हा वाचला. पण गुल्वेनची झोप गेली! उन्हाळा सुरू झाला आणि पाहुणे त्याचे दार ठोठावू लागले. कोणी जेवणाच्या वेळी, कोणी डुलकीच्या वेळी. कोणाला संडास हवा, कोणाच्या कुत्र्याला पाणी हवे. एका दुपारी तो मला हवेत नाचवत रस्ता ओलांडून धावत आला.

"घे बाई तुझी किल्ली! सगळं जग माझ्याच ताटावर येऊन बसलंय!"

"आणि इतकी वर्षं माझ्या ताटावर कोण बसत होतं?" नाइग म्हणाली. "बस आता. घिरडं खा. पण एक सांगते. दार मी उघडीन, माहिती तू सांगायची."

तेव्हापासून तसेच चालले आहे. संत गेनेक समुद्रावरून दगडी नावेत बसून आला, असे गुल्वेन सकाळच्या पाहुण्यांना सांगतो. दुपारच्यांना सांगतो, की तो माशाच्या पाठीवर बसून आला. नाइग डोळे वटारते. पाहुणे मात्र खूश होऊन जातात.

मित्रांनो, तुमच्या गावाजवळही अशी एखादी जुनी वास्तू असेल. दाराला कुलूप दिसले म्हणून परत फिरू नका. शेजारच्या घरी विचारा. माझ्यासारखी एखादी तिथे तुमची वाट पाहत असेल. तिला दोन्ही हातांनी धरा, हलकेच फिरवा आणि खांद्याने दार रेटा. कुरकुरले तरी घाबरू नका. आत जा.