गळालेला 'न'

आमच्या केरळातल्या शाळेचे हेडमास्तर, म्हणजे आमचे कुंजप्पन माष, प्रशिक्षणाला गेले आणि येताना एक कापडी पिशवी, एक पेन आणि एक ब्लॉग घेऊन आले. पिशवी बायकोला दिली, पेन खिशाला लावलं आणि ब्लॉग माझ्या गळ्यात मारला. मी रोजंदारीवरची शिक्षिका. माझ्या गळ्यात काहीही मारावं, तक्रार कोण ऐकतंय?

सातवीच्या मुलांनी शिकलेल्या पाठावर मनन करून ब्लॉगवर लिहायचं, असा वरून हुकूम होता. जिल्ह्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला ढाल मिळणार होती. माष म्हणाले, "रती टीचर, ढाल आली की जूनमध्ये तुमची नेमणूक पक्की समजा." घरात कमावती मी एकटीच, त्यामुळे मी लगेच समजले.

मननाची रीतही माषांनीच घालून दिली. मुलांनी आधी वहीत मनन करायचं, माष ते तपासणार, मग मी टाइप करणार. पहिल्या आठवड्यात अख्ख्या वर्गाने एकच मनन केलं: 'आजचा पाठ मला फार आवडला. तो मला चांगला समजला.' बिबिन त्या दिवशी गैरहजर होता. त्यालाही चांगला समजला.

मग ब्लॉगला भारदस्तपणा यावा म्हणून माषांनी वरचं शीर्षक स्वतः टाइप करायला घेतलं, एका बोटाने. लिहायचं होतं 'आजच्या पाठाचं माझं प्रतिफलनम्'. आमच्या मल्याळममध्ये प्रतिफलनम् म्हणजे मनात काय उमटलं ते. बोट घसरलं, 'न' गळाला आणि उरलं 'प्रतिफलम्', म्हणजे मोबदला. मी आपलं भीत भीत दाखवून दिलं. माष जन्मभर मल्याळमच शिकवत आलेले. म्हणाले, आता तुम्ही मला मल्याळम शिकवणार का? म्हटलं, छे हो, माझी काय बिशाद!

त्यातच शाळेचं संमेलन आलं. माष मांडवाच्या मागे लागले आणि वह्या तपासायच्या राहून गेल्या. मुलं मात्र आज्ञाधारक. विचारलंय मोबदला काय मिळाला, तर सांगू या की! एकाने लिहिलं, 'भूगोलाचे सर आले नाहीत. मोबदला: वर्गात झोप.' बिबिनने लिहिलं, 'बरोबर उत्तर दिलं. मोबदला: कुणाचं बघितलंस?' आणि शहला नावाच्या अबोल पोरीने लिहिलं, 'कवितेतली आई मुलाला निरोप देताना रडत का नाही, असं माषांना विचारलं. मोबदला: हे परीक्षेला येत नाही, खाली बस.'

मी सगळं जसंच्या तसं टाइप केलं. का नाही करणार? पहिल्यांदाच काहीतरी वाचण्यासारखं हाताखाली आलं होतं.

आमच्या गावातले निम्मे बाप आखातात. शुक्रवारी सुट्टी, हातात फोन. लेकरांनी लिहिलंय म्हटल्यावर ब्लॉग वाचून काढायला लागले. शहलाच्या उप्पाने, म्हणजे बापाने, शारजाहून तिच्या ओळींखाली लिहिलं, 'पोरी, ती आई रडत नाही, कारण मूल बघत असतं. विमानतळावर तुझी उम्माही रडली नव्हती. मी वळून बघितलं होतं.'

मांडव उतरला, माषांनी ब्लॉग उघडला आणि मला बोलावणं आलं. परीक्षक यायच्या आत हे सगळं पुसून टाका, म्हणाले, आणि पहिल्यासारखं मनन घाला. जूनची आठवणही करून दिली. आठवण करून द्यायची गरज नव्हती, मी रोज झोपेतही जूनच बघत होते.

वर्गात जाऊन मुलांना सांगितलं, नवीन लिहायचंय, मी सांगते ते उतरवून घ्या. सगळ्यांनी मुकाट्याने वह्या काढल्या. शहला तेवढी उभी राहिली.

"टीचर, माझं पुसलं तर खालचं उप्पाचंही जाईल?"

जाईल, मी म्हणाले.

"मग माझं राहू द्या ना. माझ्यासमोर ते एवढं कधी बोललेच नाहीत."

मी हेडमास्तरांच्या खोलीत परत गेले आणि सांगितलं, "माषे, माझ्या हातून हे पुसलं जाणार नाही." माषांना स्वतःला पुसता येत नव्हतं आणि येत नाही हे कबूल करताही येत नव्हतं. जून तुमचा तुम्ही बघा, एवढंच म्हणाले.

परीक्षक आले, वाचलं, हसले, आणि शहलाच्या पानावर बराच वेळ थांबले. ढाल आम्हालाच मिळाली. निर्भय मननासाठी! सत्कारात माषांनी सांगितलं की मुलांना बोलतं करण्यासाठी तो 'न' त्यांनी मुद्दाम गाळला होता. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, जून अजून लांब होता.

जूनमध्ये माझ्या जागी माषांच्या भाच्याची बायको आली. ढाल आणली मी, ओवाळून घेतलं दुसरीने. राग आला का? आला. अजून येतो. ती बाई टाइप करण्यात तरबेज आहे म्हणे. तिने पहिल्याच दिवशी शीर्षकातला 'न' जागेवर बसवला.

परवा घरी बसल्या बसल्या ब्लॉग उघडला. जुनी पानं गेलेली. तीच मुलं, आता आठवीत, ओळीने सगळ्यांचं मनन. बिबिनला पाठ फार आवडला होता. शहलाचं नाव शोधलं. 'आजचा पाठ मला फार आवडला. तो मला चांगला समजला.'

खाली शारजाहून एकच ओळ होती: 'पोरी, हे तूच लिहिलंस का?'