आडवा अंगरखा

स्ट्रॅथॉरिन घराण्याचा म्हातारा चोपदार ईनियस रेनी आरशासमोर हात पसरून उभा राहिला आणि त्याच्या मुलीनं, युनानं, त्याला कुलचिन्हाचा अंगरखा आडवा चढवला. दोन्ही बाह्या पुढे-मागे लोंबू लागल्या. धनी गेला की चोपदारानं असंच निघायचं, हा रिवाज. थडग्यापाशी वारसाच्या नावानं तीन हाका द्यायच्या, तिसरीनंतर वारसानं ‘मी आहे’ म्हणायचं, मग अंगरखा सरळ करायचा. तीन हाका पुऱ्या झाल्या नाहीत तर वारस मोकळा, आणि घराण्याची ढाल उलटी होऊन मातीत. ढालीबरोबर चोपदारकीही.

पहिल्या रेनीनं रणातून धन्याचं प्रेत ओढत आणलं आणि तिथंच त्याच्या पोराच्या नावानं हाक मारली, तेव्हापासून हे पद त्यांच्या घरात. नंतरच्या रेनींनी तहाचे निरोप नेले. लढाया संपल्या, मग लग्नात ललकाऱ्या दिल्या. ईनियसच्या वाट्याला काय आलं, तर उन्हाळी जत्रेत पर्यटकांसोबत फोटो! पण गडी असा ताठ, की फोटोतसुद्धा तहाचा निरोप घेऊन आल्यासारखा उभा राहायचा.

गेल्या हिवाळ्यात त्याचा घसा बसला तो उठलाच नाही. घराण्याच्या धनी, थोरल्या बाईसाहेब लेडी ग्रिझेल, तेव्हाच म्हणाल्या होत्या, “ईनियस, पोरीला चोपदारकीची शपथ दे, शपथेवाचून हाक धरत नाहीत. धन्यासमोरच देता येते ना ती? मग मी गेल्यावर कोणासमोर देणार, माझ्या कुत्र्यासमोर?”

“देऊ की, बाईसाहेब. घाई काय आहे?”

घाई नव्हती, कारण मनातून त्याला ते नकोच होतं. रेनींच्या घरात बाईमाणसानं कधी हाक दिली नव्हती. युना मेंढ्या राखायची. तिच्या एका आरोळीवर पलीकडच्या डोंगरावरचं कुत्रं खाली बसायचं, हे त्याला माहीत होतं. तरी तो पुढं ढकलत राहिला, आणि बाईसाहेब एका दुपारी खुर्चीतच गेल्या.

थडग्यापाशी वारा बोचत होता. बाईसाहेबांचा पुतण्या आणि वारस लॉखलन एडिनबराहून आला होता, पायांत शहरी बूट. ईनियसनं पहिली हाक दिली, ती बरी गेली. दुसरी मध्येच फाटली. तिसरीला त्यानं तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. त्यानं पुन्हा छाती भरली. पुन्हा हवाच.

आणि मग युनानं हाक दिली.

“लॉखलन स्ट्रॅथॉरिन!”

झाडावरचे कावळे उडाले. म्हातारी एफी शेजारीण तर छातीवर हात ठेवून मटकन खालीच बसली.

लॉखलननं टोपी काढली. “युना, हाक जबरदस्त होती,” तो म्हणाला. “पण ईनियसकाका, हिची शपथ झालीय ना? झाली असेल तर मी उत्तर देतो. पळणार नाही.”

सगळे ईनियसकडे बघू लागले. खरं काय ते सांगणारी बाई तर शवपेटीत झोपली होती.

“हो म्हणून हलव की मान, मेल्या!” एफी पुटपुटली.

ईनियसला मान हलवायची होती. देवाशप्पथ हलवायची होती. पण चोपदाराकडे दुसरं असतं काय? त्याच्या तोंडून आलं ते खरं, एवढंच. आज खोटं चाललं असतं, तर पहिल्या रेनीपासूनच्या सगळ्या हाका खोट्या ठरल्या असत्या. युनाच्या नजरेला नजर न देता त्यानं मान आडवी हलवली.

लॉखलननं टोपी घातली. ढाल उलटी करून शवपेटीवर ठेवली गेली, आणि फावडी चालू झाली.

युना त्याला घरी घेऊन आली. स्वयंपाकघरात तिनं त्याच्या काखेखालचे बंद सोडले. तेव्हा ईनियसनं हात तिच्या गळ्यावर ठेवला आणि ओठ हलवायला सुरुवात केली. शपथेचे शब्द होते ते. आवाज शून्य.

युना अंगरखा हातात धरून शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली.

“घेतली, बाबा,” ती म्हणाली, आणि अंगरखा आडवाच घडी घालून तिनं कपड्यांच्या पेटीत ठेवला आणि पेटी बंद केली.